पाठीचे दुखणे आणि तुंबडीचा उपचार

खुर्चीवर बसून करायचे काम म्हणजे अंगाला त्रास नसलेले काम, असा आमच्या वडिलांचा समज होता. त्यांचे आयुष्य मिठागरात गेले. आम्ही बँकेत लागलो त्या दिवशी ते म्हणाले, "चला, तुझी पाठ तरी सुटली." पाठ काही सुटली नाही. काउंटरवर मान पुढे काढून संगणकात आकडे भरायचे, नोटा मोजताना खांदे वर उचलून धरायचे आणि मग अंधेरीहून वसईपर्यंत एका हाताने कडी पकडून लोंबकळत यायचे, हा क्रम वीस वर्षे चालू आहे. संध्याकाळी गिरीजला रिक्षातून उतरेपर्यंत दोन्ही फऱ्यांच्या मध्ये कोणी वीट ठेवली आहे असे वाटते.

हे गाऱ्हाणे आमच्या एकट्याचे नाही. पहाटेच्या गाडीने दादरला फुलांच्या पाट्या नेणाऱ्या बायका, वाडीत वाकून निंदणी करणारे मजूर, वालीवच्या कारखान्यांत आठ-आठ तास उभे राहणारे तरुण, पाठीवर दप्तर आणि हातात मोबाईल घेऊन मान वाकवून चालणारे आपले विद्यार्थी, सर्वांची पाठ कोठे ना कोठे धरलेली असते. अशा दुखण्यावर गेल्या काही वर्षांत 'कपिंग' आणि 'हिजामा' या नावांचे फलक ठिकठिकाणी दिसू लागले आहेत. संस्थेच्या बैठकीतही कोणी ना कोणी सदऱ्याची कॉलर सरकवून जांभळे गोल डाग दाखवतो आणि विचारतो, "करून घ्यावे का हो?" आम्ही कला शाखेचे पदवीधर. वैद्यकाशी आमचा संबंध औषधाच्या बिलापुरता. तथापि या विषयाने आमच्याच घरात एक धडा दिला असल्यामुळे, आणि त्यानंतर आम्ही जाणकारांना विचारून व वाचून काही माहिती जमवली असल्यामुळे, ती सभासद बंधू-भगिनींपुढे व विशेषतः विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम नावाविषयी. फलक इंग्रजी असला तरी उपचार आपल्या ओळखीचा आहे. मराठीत याला तुंबडी लावणे म्हणतात. तुंबडी म्हणजे वाळवून आतून पोकळ केलेला कडू भोपळा. जडीबुटीची झोळी घेऊन गावोगाव फिरणारे वैदू ही तुंबडी किंवा गुराचे पोकळ शिंग दुखऱ्या जागी लावीत आणि आतली हवा ओढून घेऊन कातडी वर खेचीत. त्याआधी वस्तऱ्याने कातडीवर बारीक चिरा पाडल्या तर त्यांना फासण्या म्हणत, आणि मग तुंबडीत रक्त येई. एखादा पुढारी स्वतःची तुंबडी भरतो असे आपण रोज म्हणतो, पण तुंबडी डोळ्यांनी पाहिलेला माणूस आता विरळाच. 'हजाम' हा शब्दही असाच. अरबी भाषेत हज्जाम म्हणजे तुंबडी लावणारा. वस्तरा ज्याच्या हाती त्याच्याकडेच दाढी आणि फासण्या ही दोन्ही कामे असत. पुढे दुसरे काम मागे पडले आणि हजामत एवढीच उरली. हिजामा हा शब्द त्याच घरचा. ज्या वैदूंनी आणि न्हाव्यांनी ही विद्या हातात जपली त्यांना समाजाने कधी बरोबरीने बसवले नाही, हे जाता जाता नमूद केले पाहिजे. आज तोच उपचार काचेच्या दाराआड वातानुकूलित खोलीत होतो आणि त्याचे शेकड्यांनी रुपये मोजले जातात.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शिंग, जळू आणि भोपळा ही रक्त काढण्याची तीन साधने सांगितली आहेत. वातासाठी शिंग, पित्तासाठी जळू, कफासाठी भोपळा अशी त्यांची वाटणी आहे. शिंगातील हवा तोंडाने ओढायची, भोपळ्यात मात्र पेटता दिवा ठेवायचा. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या परंपरेतही तुंबडी आहे आणि चीनमध्ये बांबूच्या नळ्यांची तुंबडी आहे. पण आपल्या वाचकांना अधिक जवळचा दाखला विनयपिटकात सापडतो. महावग्गातील भेसज्जक्खंधक हा भाग भिक्षूंच्या औषधोपचारांविषयी आहे. पिलिंदवच्छ या स्थविरांना वाताचा त्रास होता. त्यांच्यासाठी भगवान बुद्धांनी एकेक उपचाराची अनुज्ञा दिल्याचे तेथे येते. आधी औषधी तेल, मग अंगाला शेक व घाम काढणे, मग औषधी पाने उकळलेले पाणी, मग गरम पाण्याच्या डोणीत बसणे. एवढ्याने सांधे राहिले नाहीत तेव्हा रक्त काढण्याची आणि शिंग लावण्याची अनुज्ञा आहे. हा क्रम आम्हाला फार बोलका वाटतो. आधी सौम्य उपाय, त्याने भागले नाही तर पुढचा, आणि रक्ताला हात सर्वांत शेवटी. आज फलक वाचून जाणारा माणूस बहुधा उलट्या टोकाने सुरुवात करतो.

आता ही तुंबडी काम कशी करते ते पाहू. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे सोपे जाईल. काचेच्या पेल्यात क्षणभर ज्योत फिरवली की आतली हवा तापून पसरते व बरीचशी बाहेर पडते. पेला लगेच पाठीवर पालथा घातला की ज्योत विझलेली असते, उरलेली हवा थंड होते आणि आतला दाब कमी पडतो. पोटात गोळा आला की आजी कणकेच्या गोळ्यावर दिवा लावून वर तांब्या पालथा घालीत असे, तो तांब्या पोटाला घट्ट चिकटे, तो याच नियमाने. आता ज्योतीऐवजी बहुधा प्लास्टिकचे कप व हातपंप वापरतात. तत्त्व तेच. बाहेरच्या हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो असतो. कपाचे तोंड ५ सेंटिमीटर व्यासाचे धरले तर त्याखाली सुमारे २० चौरस सेंटिमीटर कातडी येते. आतला दाब पाव हिश्शाने उतरला तरी जवळजवळ ५ किलो वजनाइतक्या जोराने ती कातडी कपात लोटली जाते. म्हणजे मालीश करणारा स्नायू दाबतो आणि तुंबडी त्याला वर उचलते.

मानेच्या मुळापासून दोन्ही खांद्यांपर्यंत आणि खाली पाठीच्या मध्यापर्यंत पतंगाच्या आकाराचा एक मोठा स्नायू पसरलेला असतो. डॉक्टर त्याला ट्रॅपेझियस म्हणतात. डोके पुढे झुकले की ते सावरून धरण्याचे काम प्रामुख्याने याला व मानेमागच्या स्नायूंना करावे लागते. ताठ मानेवर माणसाचे डोके साधारण साडेचार-पाच किलो भरते. मान पुढे झुकवली की हे वजन दांड्याच्या टोकाला टांगल्यासारखे होते आणि स्नायूंवरचा ताण कितीतरी पटींनी वाढतो. तास-तासभर आखडून राहिलेल्या स्नायूत गाठी लागतात, बोटाने दाबले तर त्या कळतात. अशा जागी पाच-दहा मिनिटे कप लावला तर कातडी व तिच्याखालचे पडदे सैल होतात, रक्ताचा ओघ वाढतो, ऊब येते. शिवाय त्या ओढीची संवेदना मेंदूकडे जाऊ लागली की दुखण्याची संवेदना काहीशी मागे पडते. ठेच लागल्यावर आपण अंगठा चोळतो, त्यातला हाच प्रकार. रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली वेदनेच्या 'दरवाजा'ची जी उपपत्ती मांडली, तिच्या आधारे याचे स्पष्टीकरण देतात.

राहिला प्रश्न डागांचा. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स याच्या खांद्यावरचे गोल डाग साऱ्या जगाने पाहिले आणि या उपचाराचे नाव घरोघर झाले. हे डाग म्हणजे बाहेर पडलेले विष नव्हे. ओढीमुळे कातडीखालच्या केसाएवढ्या रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त तिथल्या तिथे साकळते. मुका मार लागल्यावर पडतो तसाच हा डाग, काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत जातो. डाग जितका काळा तितका आत रोग जास्त, असे कोणी सांगितले तर ते खरे मानू नये. कप किती ओढला आणि किती वेळ ठेवला, एवढेच त्यावरून कळते.

मग गुण येतो की नाही? येतो, पण बेताचा. जुनाट मानदुखी-पाठदुखीवर झालेल्या अभ्यासांत कप लावलेल्यांना थोड्या मुदतीपुरता आराम वाटल्याचे दिसते. मात्र यांतले बरेच अभ्यास लहान आहेत आणि कप लावला की नाही हे रुग्णापासून लपवणे कठीण असते. ज्यांनी न ओढणारे खोटे कप लावून तुलना केली, त्यांना फरक बराच कमी आढळला. आमचा स्वतःचा अनुभव यापेक्षा वेगळा नाही. एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडून आम्ही चार वेळा कोरडे कप लावून घेतले, म्हणजे फासण्यांशिवाय. त्या रात्री झोप छान लागली, मान दोन दिवस मोकळी फिरली. तिसऱ्या दिवशी बँकेत तीच खुर्ची, तीच वीट. बाईंनी हे आधीच सांगितले होते. कपाने स्नायू थोडा सैल होतो, त्या दोन दिवसांत व्यायामाला लागायचे, नुसते कप लावून घ्यायला येऊ नका, असे त्यांचे म्हणणे. पैसे घेणाऱ्या माणसाने असे बोलावे याचे आम्हास नवल वाटले.

आता आमच्या थोरल्या बंधूंविषयी. दादा एका वर्कशॉपमध्ये कामाला. वय त्या वेळी एकावन्न. दोन्ही फऱ्यांच्या मध्ये, जरा खालच्या अंगाला, त्यांना दुखू लागले. वजन उचलताना उसण भरली असेल असे सर्वांना वाटले. गोळ्या झाल्या, मलम झाले. मग कोणाच्या तरी ओळखीने ते एका फासण्या लावणाऱ्याकडे गेले. एका वेळचे सहाशे रुपये. त्या माणसाने कपात साकळलेले काळपट, जेलीसारखे रक्त दाखवले आणि म्हटले, "बघा, केवढे खराब रक्त साठले होते." दादा घरी आले ते खूष होऊन. खरोखरच दोन दिवस त्यांना बरे वाटले. येथेच घोटाळा झाला. बरे वाटले म्हणून रोग सापडला असे आम्ही सर्वांनी धरले. रक्त बाहेर येऊन थांबले की ते साकळणारच, आणि बारीक वाहिन्यांतले रक्त काळसरच दिसणार. तुमच्या-आमच्या कोणाच्याही पाठीतून काढले तरी ते तसेच दिसेल. शरीरात खराब रक्ताची वेगळी टाकी नसते. रक्त गाळून शुद्ध ठेवण्याचे काम मूत्रपिंड व यकृत रात्रंदिवस करीत असतात. पण हे आम्ही नंतर वाचले.

दुसऱ्या वेळी आराम एकच दिवस टिकला. तिसऱ्या वेळेसाठी त्या माणसाने सांगितले की आता योग्य तारीख येईपर्यंत थांबा, चुकीच्या तिथीला रक्त काढले तर गुण येत नाही. त्यात अकरा दिवस गेले. दरम्यान दादांना संध्याकाळी कणकण येऊ लागली. रात्री कूस बदलताना ते कण्हत. जेवण कमी झाले. वहिनी एकदा म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांचे सदरे ढगळ व्हायला लागलेत." त्यावर आम्ही काय उत्तर दिले ते आठवले की आजही शरम वाटते. आम्ही म्हणालो, वयोमानाने होते तसे. पुढे पायांना मुंग्या आल्या तेव्हा सर्वांचे डोळे उघडले. एक्स-रे व एम.आर.आय. झाला, मणक्यातून सुईने नमुना काढून तपासला. मणक्यांचा क्षयरोग निघाला. एक मणका पुढच्या बाजूने झिजला होता. डॉक्टरांनी आम्हास रागावून नाही, पण स्पष्ट सांगितले की आणखी उशीर झाला असता तर पाय कायमचे गेले असते.

क्षयरोग म्हणजे खोकला, एवढेच आपल्याला ठाऊक असते. पण तो हाडांतही बसतो आणि हाडांमध्ये मणका ही त्याची आवडती जागा. त्याची औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. दादांचे औषध वर्षाच्या वर चालले, सहा महिने कमरेपासून छातीपर्यंत पट्टा होता. फासण्या लावणाऱ्या त्या माणसावर आमचा राग नाही. तो जे शिकला ते त्याने केले. राग आहे तो दोन दिवसांच्या आरामावर आम्ही जो विश्वास टाकला त्यावर.

म्हणून वाचकांनी पाठीवर कप लावून घेण्यापूर्वी दुखणे कोणत्या जातीचे आहे हे पाहावे. स्नायूचे दुखणे हालचालीने कमी-जास्त होते, विश्रांतीने उतरते, बोटाने दाबून जागा दाखवता येते. रात्री विश्रांतीतही ठणकणारे, सोबत ताप, वजनात घट, हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा असलेले, लघवी-संडासवरचा ताबा सुटलेले, पडल्यानंतर सुरू झालेले, अथवा ज्यांना पूर्वी कर्करोग होऊन गेला आहे अशांचे दुखणे, हे कपाचे काम नव्हे. अशांनी आधी डॉक्टर गाठावा. आणि वरची पाठ, डावा खांदा, जबडा यांत एकाएकी कळ येऊन दरदरून घाम सुटला, धाप लागली, तर तुंबडी नाही की मालीश नाही, थेट १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. हृदयविकाराची कळ छातीतच येते असे नाही, स्त्रियांमध्ये तर ती पाठीत किंवा मानेत येण्याची शक्यता अधिक.

फासण्यांबद्दल आमचे मत कडक आहे. कोरडा कप चुकला तर फोड येईल, ज्योतीने भाजेल. फासणी चुकली तर पाते आधी कोणाच्या पाठीवर होते हा प्रश्न उरतो. हेपॅटायटिस बी, सी व एच.आय.व्ही. हे तिन्ही रोग रक्ताने पसरतात, आणि कप नुसता धुऊन पुसून ते जात नाहीत. आयुर्वेदाचे किंवा युनानीचे नोंदणीकृत वैद्य हा उपचार शिकलेले असतात. कोणाला करायचाच असेल तर त्याने नोंदणी पाहावी, पाते आणि कप आपल्यासमोर नवे फोडायला सांगावे, संकोच करू नये. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणारे, मधुमेह आटोक्यात नसलेले, रक्तस्रावाचा विकार असलेले व गरोदर स्त्रिया यांनी त्या वाटेला जाऊ नये. रक्तक्षय असलेल्यांनी तर मुळीच नाही. आपल्या घरातील किती भगिनींचे हिमोग्लोबिन पुरेसे असते, हे प्रत्येकाने एकदा मोजून पाहावे. विदर्भातील आपल्या समाजात आणि पालघर जिल्ह्याच्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेलचा आजारही आढळतो. त्यात अंगदुखीच्या कळा येतात. ती कळ वाताची समजून अशा माणसाचे रक्त काढणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय.

तिथीचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट. आपल्या जवळच्या भुईगावी १९५६ साली सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. वर्ष वाचकांच्या सहज ध्यानात राहील. सोपाऱ्याचा आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींच्या वेळचा, त्याचे नाव सर्वांना ठाऊक असते. भुईगावचा तुकडा मात्र आपल्याच मुलांना माहीत नसतो. या नवव्या लेखाचा विषय काय? आजारपणात, लग्नकार्यात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना प्रकारची मंगल कृत्ये करतात, त्यांतली पुष्कळशी निरर्थक असून त्यांचे फळ थोडे, असे राजा त्यात सांगतो. हा दगड आमच्या घरापासून सायकलने जाण्याच्या अंतरावर निघाला, आणि आम्ही मात्र दादांना योग्य तिथीची वाट पाहत अकरा दिवस बसवून ठेवले.

दादा आता हलके काम करतात. रविवारी विहारात येतात तेव्हा भिंतीला टेकून बसतात. त्यांच्या पाठीवर फासण्यांचे बारीक पांढरे ठिपके गोलाकार उमटलेले अजून दिसतात. ते गमतीने म्हणतात, "हे माझे अठराशे रुपये."

आमची वीट अजून आहे, पण लहान झाली आहे. फिजिओथेरपिस्ट बाईंच्या सांगण्यावरून आम्ही संगणकाचा पडदा दोन जाड जुन्या खातेवह्यांवर ठेवून डोळ्यांच्या रेषेत आणला. तेवढ्यासाठी शाखा व्यवस्थापकांची परवानगी घ्यावी लागली नाही, हे विशेष. अर्ध्या तासाने एकदा उठायचे, पाणी प्यायचे. गरम पाण्याची पिशवी रात्री पंधरा मिनिटे. व्यायाम दोनच. हनुवटी सरळ मागे ओढून पाच आकडे मोजायचे, आणि दोन्ही फरे मागे एकमेकांजवळ आणून तेवढेच मोजायचे. घरी विसरायला होते म्हणून आम्ही तो गाडीत करतो. भाईंदर गेले की डब्यात हात हलवण्यापुरती जागा होते. खाडीचा पूल सुरू झाला की आरंभ करायचा, नायगाव येईपर्यंत दोन्ही दहा-दहा वेळा होतात. सुरुवातीला समोरचे प्रवासी पाहत राहत. आता त्यांतले दोघेजण आमच्याबरोबर करतात.